सार्दीसचा तट आणि केडगावची प्रार्थना

शास्त्रपाठ : प्रकटीकरण ३:१–६. सोबत वाचावे : योहान २:१–११, लूक १९:१–१०, इफिसकरांस पत्र ५:८–२१.



आसिया प्रांतातील ज्या सात मंडळ्यांस प्रभूने योहानाच्या हस्ते पत्रे पाठविली, त्यांपैकी सार्दीस येथील मंडळीचे पत्र वाचताना मन चरकते. स्मुर्णा येथील मंडळी छळ सोशीत होती. सार्दीसच्या पत्रात छळाचा उल्लेख नाही. पर्गम व थुवतीरा येथे खोटे शिक्षण शिरले होते. सार्दीसवर तो आरोप नाही. मंडळीचे नाव चांगले होते. पाहणारे तिला जिवंत समजत होते. आणि त्याच मंडळीस प्रभू कळवितो की, तुझे नाव मात्र जिवंत आहे, तू स्वतः मेलेली आहेस.

ह्या दुखण्यास आपण आत्मिक निश्चिंतता म्हणू. छळ मनुष्यास जागा करितो. निश्चिंतता त्यास थोपटून निजविते. आणि निजलेल्या मनुष्याची मोठी अडचण ही की, आपण निजलो आहो हे त्यास कळत नाही. म्हणून हे पत्र केवळ सार्दीसकरांसाठी नाही. त्याच्या अखेरीस प्रभू सांगतो की, ज्याला कान आहेत त्याने आत्मा मंडळ्यांस काय सांगतो ते ऐकावे. "मंडळ्यांस" ह्या शब्दात रांजणगाव, शिरूर, दौंड व त्यांच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील मंडळ्याही आल्या.

सार्दीस नगराची हकीकत

सार्दीस हे पूर्वी लुदिया देशाच्या राजांची राजधानी होते. आज त्याचे अवशेष तुर्कस्तानात सार्त नावाच्या खेड्याजवळ आहेत. नगराचा किल्ला उंच डोंगरावर असून त्याच्या बाजू तुटलेल्या कड्यांच्या होत्या. आपला किल्ला कोणी घेऊ शकणार नाही अशी तेथील लोकांची खात्री होती. इ. स. पूर्वी ५४६ च्या सुमारास इराणचा राजा कोरेश ह्याने सार्दीसला वेढा घातला. तेव्हा राज्यावर क्रीसस होता. त्याच्या संपत्तीची कीर्ती देशोदेशी पसरलेली होती. हिरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार लिहितो की, किल्ल्यावरील एका शिपायाचे शिरस्त्राण कड्यावरून खाली पडले. तो कडा उतरून खाली आला व ते घेऊन पुन्हा वर गेला. वेढा देणाऱ्यांपैकी एकाने हे पाहिले. त्याच वाटेने इराणी सैन्य वर चढले. त्या बाजूस पहारा नव्हता, कारण तिकडून कोणी येईल असे कोणास वाटलेच नव्हते.

ह्याहून नवल असे की, तीनशेहून अधिक वर्षांनी, अंतियोख राजाच्या वेळी, तोच किल्ला पुन्हा तशाच रीतीने पडला. पुन्हा एक दुर्गम बाजू, पुन्हा पहारा नाही. म्हणून प्रभूने जेव्हा सार्दीसच्या मंडळीस जागृत होण्यास सांगितले आणि तू जागी न राहिलीस तर मी चोरासारखा येईन असे बजावले, तेव्हा त्या नगरच्या लोकांस आपला इतिहास आठवला नसेल काय?

पुणे जिल्ह्यातील वाचकांस ही गोष्ट परकी वाटू नये. १६७० साली तानाजी मालुसरे व त्यांचे मावळे कोंढाण्यावर चढले, ते दरवाजाने नव्हे, तर कड्याने. जेथे पहारा कडक असतो तेथून शत्रू क्वचितच येतो. आपल्या मंडळ्यांचेही असेच आहे. मूर्तिपूजा, दारू, उघड अनीती ह्या दरवाजांवर आपण पहारा ठेवितो, आणि तो ठेवावाच. पण प्रार्थनेचा कंटाळा, शेजाऱ्याच्या तारणाविषयी बेपर्वाई, जुन्या भांडणाची मनात जपून ठेविलेली आढी, आपण ख्रिस्ती आहोतच हे समाधान, ह्या कड्यांवर कोण उभा आहे?

आपल्या भागाची स्थिती

आपल्या भागात सुवार्ता नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे कार्य आरंभिले, आणि त्याच मिशनचे एक ठाणे पुढे शिरूर येथे झाले. भीमेपलीकडे दौंड तालुक्यात केडगाव आहे. तेथील कार्याविषयी पुढे लिहितो. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजण विश्वासणाऱ्यांच्या तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या पिढीतील आहेत.

पहिल्या पिढीस बाप्तिस्मा स्वस्त पडला नाही. कोणाची भावकी तुटली, कोणास पंगतीतून उठविले, कोणाचे बलुते बुडाले, कोणास पाणवठ्यावर अधिकच त्रास झाला. त्यांनी जे मोल देऊन घेतले ते आपणांस वारशाने मिळाले. वारशाने शेत मिळते, घर मिळते, नावही मिळते. परंतु पश्चात्ताप व विश्वास ही वारशाने मिळत नाहीत. आजोबांच्या जेवणाने नातवाचे पोट भरत नाही.

आज काळ बदलला आहे. रांजणगावास कारखान्यांची मोठी वसाहत झाली आहे. आपली तरुण मुले तेथे पाळीने कामास जातात. कोणाची रात्रपाळी असते, कोणाचा रविवार कामात जातो. हातात पैसा आला, घरे पक्की झाली, मुले शिकली. ह्याबद्दल देवाचे उपकार मानावेत. पण लावदिकीया येथील मंडळीचे पत्रही (प्रकटीकरण ३:१४–२२) वाचून पाहावे. आपणांस कशाची उणीव नाही असे ज्या मंडळीस वाटत होते, तिच्याच दाराबाहेर प्रभू ठोठावीत उभा होता. उणीव नाही असे वाटणे हीच तिची मोठी उणीव होती.

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी

आता आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा मराठी ख्रिस्ती मनुष्य विरळा. १८५८ साली जन्मलेल्या ह्या विदुषीने संस्कृत विद्येत कीर्ती मिळविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले, व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणिले.

इतके झाल्यावर त्यांच्या आत्मिक जीवनात काही उणे होते असे कोणास वाटले असते? परंतु रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत स्वतःच लिहून ठेविले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांस कळून आले की आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो मिळालेला नाही. धर्माची तत्त्वे त्यांस पटली होती, त्याची नीती त्यांनी पतकरली होती. पण पापक्षमेची शांती व तारणाऱ्याचा सहवास ह्यांस त्या अद्याप पारख्या होत्या.

त्यांचे डोळे उघडण्यास जी साधने देवाने योजिली त्यांत हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त होते. हे गृहस्थ पुष्कळ वर्षे पाळक होते. तरी त्यांचे खरे परिवर्तन १८५१ साली झाले, आणि तेही स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करीत असताना. आमच्या उपदेशक बंधूंनी ह्या गोष्टीवर थोडे थांबावे. जो दुसऱ्यांस भाकर वाढीत असतो तो स्वतः उपाशी असू शकतो, आणि वाढण्याच्या गडबडीत त्यास आपल्या भुकेचा विसर पडू शकतो.

रमाबाई खोट्या ख्रिस्ती होत्या असा ह्याचा अर्थ नाही. त्यांनी प्रामाणिकपणे जितका प्रकाश होता तितक्यात पावले टाकिली होती. पण त्यांचा मोठेपणा असा की, जगात नाव झाले असताही त्या नावावर त्या विसंबल्या नाहीत. सार्दीसच्या मंडळीने जे केले नाही ते ह्या एका स्त्रीने केले. जिवंत म्हणून नाव असताना, आपण जिवंत आहोत की नाही हे तिने तपासून पाहिले.

केडगाव, १९०५

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा आणिल्या आणि केडगावच्या माळावर त्यांस आसरा दिला. तेच मुक्तिसदन होय. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या. त्यांस अन्न, वस्त्र, विद्या व हस्तव्यवसाय मिळाले. पुष्कळींचा बाप्तिस्माही झाला. बाहेरून पाहणाऱ्यास ही संस्था भरभराटीस आलेली दिसत होती.

परंतु रमाबाई निश्चिंत नव्हत्या. १८९८ साली इंग्लंडातील केझिक येथे जो मोठा ख्रिस्ती मेळावा भरला त्यात त्यांनी हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थना करण्याची विनंती केली होती. पुढे ऑस्ट्रेलियातील आत्मिक जागृतीचे वृत्त कानी आले तेव्हा त्यांनी आपली कन्या मनोरमाबाई व सहकारी मिस मिनी एब्रम्स ह्यांस तिकडे पाठविले. १९०४ च्या अखेरीस वेल्स देशात जागृती झाली, आणि १९०५ च्या आरंभी तिची झुळूक आसामाकडील खासी टेकड्यांवरील मंडळ्यांस लागली.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तिसदनातील मुलींस विचारले की, जागृतीसाठी नित्य प्रार्थना करण्यास कोण येईल? सत्तरजणी पुढे आल्या. दररोज प्रार्थना होऊ लागली. एक महिना गेला, दोन गेले, विशेष असे काही घडले नाही. तरी प्रार्थना थांबली नाही. हळूहळू संख्या वाढत जाऊन जूनमध्ये साडेपाचशेवर गेली व दिवसातून दोनदा सभा भरू लागली. त्याच जूनमध्ये रमाबाईंनी दुसरा प्रश्न विचारिला : आपला इतर अभ्यास बाजूस ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास कोण तयार आहे? तीस तरुणी तयार झाल्या व त्या सामर्थ्यासाठी प्रार्थना करू लागल्या.

२९ जून रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास त्यांपैकी एका मुलीस आत्म्याचा असा स्पर्श झाला की, जवळच्या मुलीस तिच्याभोवती अग्नी दिसला व ती पाण्याची बादली आणण्यास धावली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत असता सर्व मुली एकदम रडून प्रार्थना करू लागल्या. पाप कबूल करणे, क्षमेसाठी धावा करणे, मग आनंद व स्तुती, असा क्रम पुष्कळ दिवस चालला. शाळेचे नित्याचे वर्ग बाजूस राहिले. त्यानंतर मुलींच्या टोळ्या आळीपाळीने भोवतालच्या खेड्यांत सुवार्ता घेऊन जाऊ लागल्या.

रांजण भरणे आपल्याकडे

ह्या वृत्तांतात बादलीची गोष्ट सर्वांच्या ध्यानात राहते. पण आमच्या मते मंडळ्यांनी ध्यानात ठेवावयाचे ते त्या आधीचे सहा महिने होत. जागृती हे देवाचे काम आहे. ती मनुष्यास घडवून आणिता येत नाही. मग मनुष्याने काय करावे? हात जोडून बसावे काय?

ह्याचे उत्तर काना गावच्या लग्नात मिळते. तेथे दगडाचे सहा रांजण ठेविलेले होते. आपल्या भागात रांजण म्हणजे काय हे सांगावयास नको. आता नळ व टाक्या आल्या तरी जुन्या घरांत तो अद्याप दिसतो. एकदा भरला म्हणून तो कायमचा भरलेला राहत नाही. पाणी उपसले जाते, उरलेले शिळे होते, तळाशी गाळ बसतो. तो रिकामा करून, घासून, पुन्हा पुन्हा भरावा लागतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी जे मिळाले त्यावर जन्मभर राहू पाहणारा मनुष्य एकदाच भरलेल्या रांजणावर संसार करू पाहतो.

काना येथे प्रभूने चाकरांस पाण्याचा द्राक्षारस करण्याची आज्ञा दिली नाही. ते त्यांच्याने झाले नसते. त्याने त्यांस रांजण भरण्यास सांगितले आणि त्यांनी ते काठोकाठ भरिले. पाणी वाहण्याच्या कामात चमत्कारासारखे काही नव्हते. विहीर, घागर, खांदा आणि फेऱ्या, एवढेच. पण चाकर अर्ध्यावर थांबले नाहीत. केडगावच्या त्या सत्तरजणींनी जानेवारीपासून जूनपर्यंत हेच केले. रांजण भरणे त्यांचे होते. पाण्याचा द्राक्षारस करणे प्रभूचे होते. जी मंडळी ह्या दोन कामांची अदलाबदल करिते ती फसते. कोणी घागर न उचलता द्राक्षारसाची वाट पाहतो. कोणी स्वतःच पाण्यात रंग मिसळून त्यास द्राक्षारस म्हणतो.

म्हणून दोन चुकांपासून सांभाळावे. पहिली चूक अनुकरणाची. केडगावास रडणे झाले म्हणून आपणही मोठ्याने रडावे, तेथे सभा रात्रभर चालली म्हणून आपणही चालवावी, असे केल्याने जागृती येत नाही. गळा मात्र बसतो. दुसरी चूक तिरस्काराची. ज्या मंडळीत पापाबद्दल एकाही डोळ्यात कधी पाणी येत नाही, तिने दुसऱ्यांच्या अश्रूंची थट्टा करू नये. आणखी एक सांगणे अवश्य आहे. केडगाव आपल्या शेजारी आहे, मुक्तिमिशनचे कार्य तेथे आजही चालू आहे, ह्याचा आपणांस अभिमान वाटतो. पण पेटलेल्या घराशेजारी राहिल्याने आपली चूल पेटत नाही. तीस आपले सरपण व आपली ठिणगी पाहिजे.

पाच आज्ञा

सार्दीसच्या पत्रात प्रभूने जागृतीची वाट पाच आज्ञांत दाखविली आहे. आपल्या खेड्यातील लहान मंडळीस त्या कशा पाळिता येतील ते पाहू.

१. जागृत हो. ह्याचा आरंभ उपदेशकाने व मंडळीच्या वडिलांनी स्वतःपासून करावा. केडगावास मुलींस बोलावण्यापूर्वी कित्येक वर्षे रमाबाई स्वतः जाग्या झालेल्या होत्या. उपदेशकाने एकांतात स्वतःस विचारावे : उपदेशाची तयारी सोडून केवळ माझ्या आत्म्यासाठी मी शास्त्र शेवटी केव्हा वाचिले? ज्या पापाविरुद्ध मी बोलतो ते माझ्या घरात आहे काय? मंडळीतील कोणाच्या तारणासाठी मी नाव घेऊन रोज प्रार्थना करितो?

२. जे उरले आहे ते बळकट कर. प्रभू सार्दीसला मेलेली म्हणतो, तरी तिच्यात काही उरले आहे हे त्यास दिसते. मंडळी कितीही थंड असो, तीत एखादी म्हातारी प्रार्थना करणारी असते, गाण्याची आवड असलेली दोनचार मुले असतात, दूरच्या वस्तीवरून न चुकता येणारे एखादे कुटुंब असते. जे येत नाहीत त्यांच्यावर रागावण्यात सारा उपदेश खर्च करू नये. जे उरले आहेत त्यांस एकत्र करावे. सत्तर नसतील तर सात असोत, सात नसतील तर दोघे असोत. प्रभूने दोघातिघांसही वचन दिले आहे (मत्तय १८:२०).

३. कसे स्वीकारिले व ऐकिले ह्याची आठवण कर. महिन्यातून एकदा सायंकाळची सभा केवळ ह्यासाठी ठेवावी की, वृद्धांनी आपल्या घरी विश्वास कसा आला, त्यासाठी काय सोसावे लागले, हे सांगावे. जी मुले कारखान्यात यंत्रे चालवितात त्यांस, आपल्या पणजोबांनी कोणत्या किमतीस हे नाव घेतले, हे ठाऊक असले पाहिजे. मात्र ही आठवण फुशारकीसाठी नसावी. पूर्वजांची कथा सांगून झाल्यावर एवढे विचारावे की, आज आपण ख्रिस्तासाठी काय सोसतो?

४. धरून राहा. शिरूर व पारनेर ह्या तालुक्यांच्या सीमेवर, निघोजजवळ, कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. काळ्या कठीण खडकास रांजणासारखे खोल आकार कोणी छिन्नीने दिले नाहीत. पुराचे पाणी लहान दगडगोट्यांस भोवऱ्यात फिरवीत राहिले आणि त्या घासण्याने खडक कोरला गेला. गोटा लहान, खडक मोठा. पण काम थांबले नाही. रोजची कौटुंबिक प्रार्थना, रोजचा एक अध्याय, ही गोट्यासारखी लहान कामे होत. एका दिवसात त्यांचे काही दिसत नाही. परंतु कठीण मन कोरले जाते ते ह्यांनीच. ज्यांची कारखान्यात पाळी असते त्यांनी वेळ मिळत नाही म्हणून निराश होऊ नये. रविवारी सकाळी जमत नसेल तर पाळी सुटल्यावर तिघाचौघांनी एका खोलीत जमावे. केडगावास पहाटे साडेतीनला प्रभू आला; त्यास रात्रपाळीची अडचण नाही.

५. पश्चात्ताप कर. येथे आपल्या मंडळ्यांची खरी परीक्षा आहे. पुष्कळ ठिकाणी जागृती अडते ती शिक्षणाच्या अभावाने नव्हे, तर बांधावरून तुटलेल्या भावांमुळे, उसने घेऊन न फेडिलेल्या पैशामुळे, पंचाच्या निवडणुकीत झालेल्या तटांमुळे. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत आणि प्रभुभोजनास एकाच बाकावर बसतात. प्रभूने सांगितले आहे की, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण वेदीजवळ ठेवून आधी समेट करावा (मत्तय ५:२३, २४). जक्कयाने रडून दाखविल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही; त्याने अर्धे द्रव्य गरिबांस देण्याचे व फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे ठरविले, असे लिहिले आहे. अश्रू येवोत अथवा न येवोत, ज्या मंडळीत उसने परत जाऊ लागले व अबोला मोडू लागला, तेथे आत्म्याने काम आरंभिले असे खुशाल समजावे.

जागृतीचा शेवट खेड्यांत

केडगावची जागृती प्रार्थनागृहात कोंडून राहिली नाही. ती टोळ्या करून बाहेर पडली. हे तिच्या खरेपणाचे मोठे चिन्ह होय. आणि रमाबाईंच्या ठायी ती एका वर्षाची गोष्टही राहिली नाही. त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले, ते अशासाठी की, थोडे शिकलेल्या स्त्रीलाही ते समजावे. १९२१ च्या जुलैत कन्या मनोरमाबाई निवर्तल्या, तरी त्यांनी हे काम टाकिले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूत निजल्या, तोपर्यंत भाषांतर त्यांच्या हातून पुरे झाले होते.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचे. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. पुढे ते पाळक झाले, कवी म्हणून महाराष्ट्रभर गाजले, 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक झाले. पंचावन्न वर्षांच्या वयात मनुष्य विसाव्याचा विचार करितो; त्या वयात, १९१७ साली, टिळकांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडिली व सातारा येथे 'देवाचा दरबार' आरंभिला, अशासाठी की बाप्तिस्मा झालेले व न झालेले ख्रिस्तभक्त बंधुभावाने एकत्र यावेत. प्रत्येक उपदेशकाने वेतन सोडावे असे आम्ही सुचवीत नाही. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे हे प्रभूचेच सांगणे आहे. पण सेवेत वीस वर्षे झाली म्हणून ज्यांस आता नवे काही देवाकडून मागावयाचे नाही असे वाटते, त्यांनी टिळकांच्या त्या वर्षाचा विचार करावा.

सार्दीसच्या पत्राच्या अखेरीस एक गोड आश्वासन आहे. त्या मेलेल्या मंडळीतही थोडी माणसे अशी होती की ज्यांनी आपली वस्त्रे मळू दिली नव्हती. प्रभूने त्यांस नावांनिशी ओळखिले होते. मंडळी मोठी की लहान, तिचे मंदिर पक्के की पत्र्याचे, हे तो पाहत नाही. कोण जागा आहे हे तो पाहतो. बंधुभगिनींनो, ज्या बाजूने शत्रू येणार नाही असे आपणांस वाटते तिकडे आज रात्रीपासून एक पहारेकरी उभा करा. आणि रांजण रिकामा आहे असे आढळल्यास घाबरू नका. काना येथे प्रभूने भरावयास सांगितले ते रांजणच होते. घागर उचला.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. सार्दीसचा किल्ला दोनदा कोणत्या कारणाने पडला? आपल्या मंडळीची पहारा नसलेली बाजू कोणती?

२. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी पंडिता रमाबाईंस स्वतःविषयी काय कळून आले? तसे कळून येणे ही देवाची कृपा कशी?

३. काना येथे चाकरांचे काम कोणते व प्रभूचे कोणते? केडगावच्या १९०५ च्या वृत्तांतात ही दोन कामे दाखवा.

४. येत्या प्रभुभोजनापूर्वी कोणाशी समेट करावयाचा आहे? ह्याचे उत्तर सभेत न देता घरी जाऊन द्यावे.

आठवड्याच्या प्रार्थनेचा विषय : आपल्या मंडळीत जे उरले आहे त्याबद्दल उपकारस्तुती, उपदेशक व वडील ह्यांच्या अंतःकरणाची जागृती, पाळीवर काम करणारे तरुण, आणि ज्या वस्तीवर आपल्यापैकी कोणी सुवार्ता घेऊन अद्याप गेले नाही ती वस्ती, नाव घेऊन.